नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून तान्ह्या बाळाला घेऊन प्रवास: नेमकी माहिती हवी

खामला_चौक
बाळ साडेचार महिन्यांचं. मे महिन्यात नागपूर ते बंगळूर, आई आणि बाळ दोघंच. निम्मं अंगावरचं दूध, निम्मं पावडरचं. जन्मदाखला आहे, आधार नाही. कागद कोणते लागतात, दूध-पाणी आत नेऊ देतात का, कानाचं काय करायचं, स्ट्रोलर न्यावा की नको? 'काही होत नाही, बिनधास्त जा' हे सोडून काहीही सांगा.

फाइलवाला
देशांतर्गत प्रवासाला जन्मदाखला पुरतो, आधारची घाई नको. काउंटरवर बाळाच्या ओळखीपेक्षा त्याचं वय बघतात, म्हणजे ते दोन वर्षांच्या आतलं आहे की नाही. छापील प्रत जवळ ठेवा. फोनमधला फोटो जोडीला असू द्या, पण एकटीच्या हातात बाळ असताना फोन उघडून फोटो शोधणं जिवावर येतं. लसीकरणाचं कार्डही त्याच पाकिटात. दाखला हाती आला नसेल तर लसीकरण कार्ड किंवा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड बहुतेक कंपन्या चालवून घेतात. त्यावर जन्मतारीख आणि आईचं नाव स्वच्छ वाचता आलं पाहिजे, डॉक्टरी अक्षरातलं नको.

ज्यांचं बाळ अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी: जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. शहरात दवाखाना ती महापालिकेला कळवतो, पण कळवली का हे आपणच विचारायचं. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर परवानगी, आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बारसं व्हायचं असल्यामुळे पहिल्या दाखल्यात नावाचा रकाना रिकामा असतो. ते नाव वर्षभरात विनाशुल्क घालून मिळतं. तिकिटावरचं आणि दाखल्यावरचं नाव एकच असावं. नाव ठरलं नसेल तर कंपनीला फोन करून कसं लिहायचं ते विचारा, घरातलं 'पिल्लू' लिहून मोकळे होऊ नका.

बाळाचं तिकीट वेगळं निघत नाही. आईच्याच तिकिटात 'इन्फंट' म्हणून जोडायचं. त्याला सीट मिळत नाही, पण ठरावीक रक्कम भरावी लागते. नंतर जोडता येतं, मात्र एका विमानात किती तान्ही बाळं बसू शकतात याला मर्यादा असते. ती भरली की तुमचं तिकीट असूनही बाळाला जागा नाही. म्हणून बुकिंग करतानाच जोडा. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. दोन वर्षांचा हिशोब प्रत्येक उड्डाणाच्या तारखेचा असतो. जाताना २३ महिने आणि येताना २४ पूर्ण, तर परतीला मुलाचं वेगळं तिकीट आणि वेगळी सीट लागते.

आणि टर्मिनलच्या दारावर तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत. आजी-आजोबांचा निरोप बाहेरच. त्यामुळे दारापासून पुढचं सगळं सामान एकटीला, एका हाताने सांभाळता येईल इतकंच न्या.

रॅम्पवाला
वर मर्यादेचा उल्लेख आला त्याचं कारण ऑक्सिजन मास्क. ए३२० सारख्या विमानात एका बाजूला तीन सीट असतात आणि त्या तिघांच्या डोक्यावर सहसा चार मास्क. चौथा मांडीवरच्या बाळासाठी. म्हणून एका तिकडीत एकच बाळ बसवतात. जुळी असतील तर आई-बाबांना मधल्या वाटेच्या अल्याड-पल्याड बसावं लागतं. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ, हा नियम वेगळा. सीट निवडताना 'सिस्टीम घेत नाही' असं दिसलं तर बऱ्याचदा त्या तिकडीत आधीच एक बाळ असतं.

आता कुठली सीट. सगळे पहिल्या रांगेमागे धावतात, पाय मोकळे राहतात म्हणून. पण पहिल्या रांगेत समोर सीटच नसते, तेव्हा पिशवी पायाशी ठेवता येत नाही. टेकऑफ आणि लँडिंगला ती वरच्या कप्प्यात टाकावी लागते, म्हणजे नेमकी बाटली लागते तेव्हा हाताबाहेर. शिवाय ट्रे हातांच्या दांड्यात असल्यामुळे ते दांडे वर होत नाहीत. दूध पाजताना कोपर अडकतं. एकट्या आईला चौथ्या ते दहाव्या रांगेतली खिडकी बरी. आडोसा मिळतो, आणि बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला ठेवलं की ट्रॉली किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याची बॅग लागत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत बाळ चालत नाहीच.

तिकिटावर एटीआर लिहिलं असेल तर गणित बदलतं. पंख्याचं छोटं विमान, दोन-दोन सीट, चढायचं मागच्या दारातून. आपत्कालीन दारं पुढे असतात, त्यामुळे पुढची रांग बाद. पंखे पुढच्या भागाला जवळ, म्हणून मागच्या रांगा त्यातल्या त्यात शांत. वरचे कप्पे एवढेसे असतात. केबिनची ट्रॉली बॅग बहुतेक वेळा काढून खाली टाकतात, तेव्हा बाळाचं सामान ट्रॉलीत ठेवूच नका.

बालरोग_सदर
कानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक आया यात एकच चूक करतात: टेकऑफला पोटभर पाजून मोकळ्या होतात. खरं काम उतरताना असतं.

कारण असं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून घशाच्या मागे एक नळी जाते. विमान वर जाताना केबिनमधला दाब कमी होतो. पोकळीतली हवा फुगते आणि नळी आतून ढकलून स्वतःच बाहेर पडते. बाळाला काही करावं लागत नाही. उतरताना उलट होतं. बाहेरचा दाब वाढतो, नळीचं तोंड दाबलं जाऊन बंद होतं, आणि ते उघडायला गिळण्याचे स्नायू हलावे लागतात. मोठा माणूस जांभई देतो, आवंढा गिळतो. बाळाला ते सांगता येत नाही. त्याची नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून त्याला गिळायला लावणं हा एकच उपाय: अंगावर पाजणं, बाटली किंवा चोखणी.

किती वेळ? केबिनचा दाब जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतका विरळ होऊ देतात. उतरताना तो साधारण मिनिटाला ३०० फुटांच्या हिशोबाने परत वाढवतात. नागपूरचा विमानतळ सुमारे १,००० फुटांवर, मुंबईचा समुद्रसपाटीला, बंगळूरचा ३,००० फुटांवर. म्हणजे बंगळूरला उतरताना कानाला सुमारे १७ मिनिटांचं काम, नागपूरला २३, मुंबईला २५ च्या वर. तुमचा मार्ग त्यातल्या त्यात सोपा आहे. परत येताना थोडा जास्त.

सुरुवात ओळखायची कशी? 'लँडिंगची तयारी करा' ही घोषणा फार उशिरा येते, तोवर निम्मं काम झालेलं असतं. इंजिनाचा आवाज अचानक मंद होतो आणि नाक किंचित खाली गेल्यासारखं वाटतं, तिथून सुरुवात. साधारण लँडिंगच्या २५-३० मिनिटं आधी. घड्याळ लावून बसा, किंवा बसतानाच हवाई सुंदरीला सांगून ठेवा की उतरायला लागलं की सांगा.

आणि त्या वेळी बाळाला भूक पाहिजे. पोट भरलेलं बाळ तोंड फिरवतं. टेकऑफला रडलं तर चोखणी द्या किंवा दोन-चार घोट, पोटभर नको. २५ मिनिटं सलग पाजायचीही गरज नाही. दर दोन-तीन मिनिटांनी काही घोट गेले तरी चालतं, म्हणून बाटली असेल तर मध्ये मध्ये काढून घ्या, नाहीतर पहिल्या सात मिनिटांत संपते.

सर्दी नुसती असेल तर आधी नाकात सलाइनचे थेंब आणि नाक साफ. ताप, कान ओढणं, कानातून पाणी असं काही असेल तर प्रवासाआधी दाखवाच. नाक मोकळं करणारी मोठ्यांची औषधं तान्ह्या बाळाला द्यायची नाहीत. झोपेसाठी सर्दीचं किंवा उलटीचं गुंगीचं औषध देण्याची पद्धत आहे, ती तर मुळीच नको. दोन वर्षांखालच्या मुलांत त्याने श्वास मंदावू शकतो.

मानेवाडा_आजी
आमच्याकडे बाळाच्या कानात कापसाचे बोळे घालून टोपडं घट्ट बांधतात. वारं लागत नाही. त्याचं काय?

बालरोग_सदर
आजी, टोपडं बांधा, थंडीसाठी चांगलंच आहे. बोळ्याने आवाजही थोडा कमी होईल. पण दाब कापसातून आरपार जातो आणि कोंडी पडद्याच्या आतल्या बाजूला असते. शिवाय छोटा बोळा आत सरकला तर काढताना त्रास. तेल घालून बोळा तर नकोच.

दुपटं_टोपडं
डॉक्टर, बाळ गाढ झोपलं असेल तर उठवायचं का? यावर दोन्ही प्रकारची मतं ऐकू येतात.

बालरोग_सदर
झोपेत गिळणं कमी होतं, पण बंद होत नाही. सर्दी नसेल आणि बाळ निवांत असेल तर मी उठवा म्हणणार नाही. पूर्ण जागं न करता ओठाला स्तनाग्र किंवा चोखणी लावून बघायची, बरीच बाळं झोपेतच ओढतात. सर्दी असेल तर मात्र उतरायला सुरुवात होताच जागं करा. कान दुखून दचकून उठलेलं बाळ मग काही केल्या तोंडात घेत नाही.

रांगेतली_पहिली
माझं मत वेगळं आहे. सर्दी असो वा नसो, उठवावं. रडणं सुरू झाल्यावर शांत करण्यापेक्षा आधी पाजणं सोपं. रडतानाही बाळ गिळतंच, हे खरं. म्हणजे रडण्याने कानाला फायदाच होतो. शेजाऱ्यांकडे बघून ओशाळायचं कारण नाही.

दुपटं_टोपडं
आता दूध-पाणी. देशांतर्गत उड्डाणात बाळापुरतं दूध, उकळलेलं पाणी, पेज, सिरप आत नेऊ देतात. तपासणीत उघडायला लावतील, कधी पाण्याचा घोट प्यायला सांगतील. आंतरराष्ट्रीय उड्डाणात १०० मिलीची अट असते, त्यातून बाळाचं खाणं वगळलेलं आहे, मात्र प्रवासापुरतंच. सगळं एका पारदर्शक पिशवीत घालून आपणहून ट्रेमध्ये वेगळं ठेवा, शोधायला लावू नका.

पावडर: साध्या पॅकवर सहसा ३० मिली पाण्याला १ सपाट चमचा असं प्रमाण लिहिलेलं असतं. आपल्या डब्यावरचं वाचा, चमचा डब्यासोबतचाच वापरा. चार कप्प्यांच्या डबीत एकेका वेळेची पावडर मोजून भरा. १२० मिलीला चार चमचे, घरीच. विमानात हलत्या हाताने मोजणं जमत नाही. पाणी उकळून चांगल्या थर्मासमध्ये घ्या. पावडर ही निर्जंतुक नसते, म्हणून ती ७० अंशांच्या वर गरम पाण्यात कालवून मग बाटली थंड करायची, हा नियम. थर्मास तेवढा धरतो का ते आदल्या दिवशी तापमापकाने तपासा. विमानातल्या टाकीचं गरम पाणी चहाला ठीक, बाळाला नको. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासानंतर उरलेलं फेकायचं.

काढलेलं अंगावरचं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. मे महिन्यातल्या नागपुरात हा आकडा विसरा. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास राहतं. पॅक दगडासारखा गोठलेला असू द्या. अर्धा वितळलेला जेल पॅक तपासणीत नसते प्रश्न उभे करतो.

सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी देऊ नका, नागपूरचा मे असला तरी. केबिनची हवा फार कोरडी असते, दमटपणा १०-२० टक्क्यांच्या आसपास. त्यावर उपाय जास्त वेळा पाजणं. पाणी आईने प्यायचं.

आता बाटलीची एक गंमत, बहुतेकांना कपडे भिजल्यावर कळते. नागपूरला घट्ट बंद केलेल्या बाटलीत जमिनीवरची हवा कोंडलेली असते. वर गेल्यावर ती सुमारे ३० टक्के फुगू पाहते. झाकण उघडताच निपलमधून दुधाची पिचकारी. स्ट्रॉच्या सिपरला तर कारंजंच. उपाय सोपा: बाटली उभी धरून आधी निपलच्या खालची चकती पाव फेरा सैल करायची, सुर्र आवाज थांबला की घट्ट करून मग टोपण काढायचं. पावडर आणि पाणी वेगळं नेलं तर हा प्रश्नच येत नाही. हीच हवा बाळाच्या पोटातही फुगते. म्हणून वर गेल्यावर कुरकुर सुरू झाली तर ती नेहमी भुकेची नसते. खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय पोटाशी घ्या. डायपरची पट्टी पोटावर करकचून लावलेली असेल तर सैल करा.

तर्रीपोहे
सगळे कानाच्या मागे लागले, पण मे महिन्याचं कोणी बोलूनच नाही राहिलं. नागपूरला ४५ डिग्री असते ना बाप्पा! दुपारचं तिकीट काहून काढता? दरवेळी एरोब्रिज, म्हणजे थेट विमानात नेणारा बोगदा, भेटेलच असं नाही. बसने नेलं तर दार उघडं, बाहेर डांबर तापलेलं, अन् विमान उन्हात उभं असलं की आतही भट्टीच असते, थंड व्हायला वेळ लागते. वर दुपारी जमीन तापून हवा उकळते, खालच्या उंचीवर विमान चांगलंच हिचकोले खाते. पहिलं पहाटेचं विमान घ्या. उशीर व्हायचा धोकाही कमी असते, कारण ते विमान रात्रीच येऊन उभं असते.

अन् स्ट्रोलरवर दुपटं टाकून सावली करतात, ते नका करू. आत हवा कोंडते, लेकरू अजून तापते. छत्री धरा. गाडी उन्हात उभी असली तर आधी पट्ट्याचं बक्कल हात लावून पाहा, लेकराच्या मांडीला चटका बसते.

मेट्रो स्वस्त आहे, पण एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर. तिथून टर्मिनल चालत लांब पडते. लेकरू अन् बॅग घेऊन कॅबच बरी.

रॅम्पवाला
स्ट्रोलर: बहुतेक कंपन्या एक फुकट नेतात. छत्रीसारखा मिटणारा हलका घ्या. काउंटरवर 'गेट टॅग' मागा, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत वापरता येतो. टॅग लावताना विचारा, उतरल्यावर दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर? पुष्कळदा पट्ट्यावर येतो. तेव्हा उतरल्यावर बाळ कडेवरच घ्यावं लागणार हे धरून चला. खालची टोपली रिकामी करा. तिथे ठेवलेली बाटली, खुळखुळा मिटताना पडतात आणि सापडत नाहीत. सुटी होणारी छत्री काढून बॅगेत ठेवा.

एकट्या आईला खरं तर स्ट्रोलरपेक्षा अंगावरचा कॅरिअर सोयीचा, दोन्ही हात मोकळे राहतात. पण दोन वेळा तो सोडावा लागतो: सुरक्षा तपासणीत, आणि टेकऑफ-लँडिंगला.

रांगेतली_पहिली
तपासणीचा क्रम, एकटीने जायचं असेल तर: आधी बॅग, मग फोन आणि दुधाची पिशवी ट्रेमध्ये, मग कॅरिअर काढून ट्रेमध्ये किंवा स्ट्रोलर मिटून पट्ट्यावर, आणि सगळ्यात शेवटी बाळ हातात घेऊन चौकटीतून. बाळ हातात घेऊन स्ट्रोलर मिटवायला गेलात तर फसलात. महिलांची झडती पडद्याआड होते, बाळ कडेवरच राहतं.

चांदीचे वाळे, मनगट्या, करदोट्यातला ताईत यावर यंत्र वाजतं आणि मग दुपटं उलगडून दाखवत बसावं लागतं. घरी काढून डबीत घाला. सैल वाळा विमानात निसटला तर सीटच्या फटीत जातो, तो वेगळाच ताप.

माहेरून सासरी जाणाऱ्यांसाठी: ओटीचा नारळ हातातल्या सामानात अडवतात. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून. डिंकाचे लाडू खुशाल न्या. पाऱ्याचा थर्मामीटर नको, डिजिटल घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

दुपटं_टोपडं
डायपर: घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंतचे तास मोजा, त्यात उशिराचे चार तास घाला, दर अडीच तासांना एक आणि वर दोन. दूधही त्याच हिशोबाने. बाळाचे दोन जोड कपडे, आणि आईचा एक कुर्ता. तो सगळे विसरतात, भिजतो मात्र तोच. बाळाला मोज्यांसकट पातळ थर, वरून दुपटं. बाहेर ४५ आणि आत २२-२३ असतं, जाड स्वेटरने काम होत नाही.

बदलायची वेळ: बोर्डिंगची घोषणा झाली की लगेच, टर्मिनलमध्येच. विमानात ए३२० च्या एका शौचालयात कमोडच्या वर उघडणारी फळी असते, कुठल्यात ते विचारून घ्या. एटीआरमध्ये असेलच असं नाही. फळी अरुंद असते. पूर्ण पिशवी आत नेऊ नका, एक डायपर, चार ओले वाइप्स, एक झिपची पिशवी आणि अंथरायला कापड, एवढंच. वापरलेला डायपर झिपमध्ये बंद करून कचऱ्याच्या खणात. कमोडमध्ये टाकला तर ती निर्वात ओढणीची यंत्रणा तुंबते आणि पुढच्या सगळ्यांचे हाल.

जयताळा_रोड
याच धाग्यात विचारतो. सात महिन्यांच्या बाळाला घेऊन मुंबईमार्गे युरोपला जायचं असेल तर वेगळं काय?

फाइलवाला
बाळाला स्वतंत्र पासपोर्ट. मुदत पाच वर्षं. साधं शुल्क १,००० रुपये, आठ वर्षांखालच्यांना १० टक्के सूट, म्हणजे ९००. आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, म्हणजे परिशिष्ट 'ड' (Annexure D) लागतं. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही. आणि त्यात बाळाचं नाव चढलेलं असू द्या. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपण न्यायचा: ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढायचा. धरणाऱ्याचा हात किंवा चादरीची सुरकुती दिसली की फोटो परत.

रॅम्पवाला
मुंबईत टर्मिनल १ आणि २ यांच्यामध्ये रस्त्याने जावं लागतं. नागपूरहून येणारं विमान कुठल्या टर्मिनलला लागतं ते तिकीट काढण्याआधी बघा. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान मुंबईत उचलून परत द्यावं लागेल. बाळासोबत मधला वेळ चार तासांच्या खाली नको.

पाळणा फक्त मोठ्या विमानात, पुढच्या भिंतीच्या रांगेत. संख्या मोजकी, म्हणून बुकिंगच्याच दिवशी मागून ठेवा. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे, बहुतेकांची १०-११ किलो. सात महिन्यांचं गुबगुबीत बाळ वजनात बसतं पण लांबीत बसत नाही, असंही होतं, तेव्हा लांबीची मर्यादाही विचारा. टेकऑफ, लँडिंग आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळ परत मांडीवर. रात्री हिचकोले असले की ही उठबस पुन्हा पुन्हा होते, तेव्हा पाळणा मिळाला म्हणजे झोप मिळाली असं धरू नका.

बालरोग_सदर
एक भर. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर पहिले दोन दिवस ताप येऊ शकतो, त्या दोन दिवसांत प्रवास ठेवू नका. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचा ताप साधारण सात ते बारा दिवसांनी येतो, तेही मोजा. पॅरासिटामॉल सोबत ठेवाल तर बाटलीवरचं प्रमाण वाचा. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. परगावी दुसरी बाटली घेऊन तेवढेच मिली दिले की डोस चुकतो. डोस डॉक्टरांकडून वजनावरून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या.

अपुऱ्या दिवसांची बाळं, जन्मतः ऑक्सिजनवर राहिलेली, हृदयाचा दोष किंवा रक्त कमी असलेली, यांना केबिनची विरळ हवा त्रास देऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय तिकीट काढू नका. काही कंपन्या जन्मानंतर काही दिवसांतच बाळाला घेतात. नियमात बसतं म्हणून जायलाच हवं असं नाही. निकड नसेल तर पहिल्या लसी होऊ द्या.

खामला_चौक
पहाटे साडेसहाचं विमान बघते आहे. दूध आणि कान यांचं वेळापत्रक कसं बसवायचं? आणि मांडीवरच्या बाळाला पट्टा कसा लावतात?

दुपटं_टोपडं
खामल्याहून पहाटे पंधरा-वीस मिनिटं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे ५.३०. बाळ असलं की वेब चेक-इन केलं तरी काउंटरवर जायची तयारी ठेवा, म्हणून ४.४५ ला दारात. तपासणी उरकून सव्वापाचच्या सुमाराला गेटपाशी पोटभर पाजा. बोर्डिंगला डायपर. पावणेसातला विमान उचलेल, तेव्हा चोखणी. ८.१० च्या आसपास उतरतं असं धरलं तर पाजायची वेळ ७.४०. मध्ये अडीच तास जातात, भूक आपोआप लागलेली असते. उशीर झाला तर हे सगळं तेवढंच पुढे ढकलायचं. पण रडायला लागलं तर घड्याळ बाजूला ठेवून थोडं पाजा.

रॅम्पवाला
पट्टा मागून घ्या, कधी कधी आपणहून द्यायचा राहतो. छोटा पट्टा असतो, त्याला एक कडी शिवलेली. तुमचा पट्टा त्या कडीतून ओवून स्वतःला लावायचा, आणि छोटा पट्टा बाळाच्या पोटावर वेगळा लावायचा. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळायचं नाही, झटका बसला तर आईचं सगळं वजन बाळाच्या पोटावर येतं. बाळ तुमच्याकडे पाठ करून मांडीवर बसतं, साडेचार महिन्यांचं म्हणजे मान आणि पाठ छातीला टेकवून. उतरताना पाजायचं असेल तर छोटा पट्टा लावलेलाच ठेवून बाळाला तिरकं घ्या, तो तेवढा सैल होतो. बंगळूरला दारात शिडी लागली तर शेवटी उतरा, आणि क्रूपैकी कोणाला तरी बॅग खाली द्यायला सांगा.